दुबळ्यांच्या रक्षणासाठी बोलण्यावर बंदी: चाबूक शेवटी कोणाच्या पाठीवर?

आडवाट

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा वाद सुरू झाला की दोन्ही बाजूंना आपापली वाक्यं पाठ असतात. एक म्हणणार, आज त्यांचं तोंड बंद केलंत, उद्या तुमचं होईल. दुसरा म्हणणार, पिढ्यान् पिढ्या लाथा खाल्लेल्यांना सहनशीलता शिकवणारे तुम्ही कोण? मला दोन्ही वाक्यं खरी वाटतात, म्हणून हा धागा.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञापासून सुरुवात करतो, कारण नाव सगळेच त्याचं घेतात. १८५९ च्या 'ऑन लिबर्टी'त धान्याच्या व्यापाऱ्याचं उदाहरण आहे. 'हे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात' असं कोणी छापलं तर त्याला हात लावू नये. पण तेच वाक्य व्यापाऱ्याच्या दारात जमलेल्या खवळलेल्या जमावासमोर म्हटलं तर शिक्षा व्हायला हरकत नाही. वाक्य एकच, गुन्हा प्रसंगाने ठरतो. एवढं बहुतेकांना माहीत असतं. मात्र त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला तो हेही सांगतो की समाजाचा जुलूम सरकारी जुलमापेक्षा भयंकर असू शकतो, कारण त्यातून निसटायच्या वाटा कमी. ही ओळ स्वातंत्र्यवाल्यांच्या सोयीची नाही, त्यामुळे ती फारशी कुठे दिसत नाही. (हा गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला होता आणि 'मागास' समाजांना हे तत्त्व लागू नाही असंही त्यानेच लिहून ठेवलंय. असो.)

आता बंदीची बाजू. ब्रिटनने १९६५ साली वंशभेदाविरुद्ध कायदा केला आणि वंशद्वेष भडकवणं गुन्हा ठरवलं. उद्देश उघड होता, स्थलांतरितांचं रक्षण. १९६७ साली त्याच तरतुदीखाली मायकल एक्स या काळ्या चळवळ्याला एका भाषणापायी १२ महिन्यांची कैद झाली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये बटलर खटल्यात म्हटलं की अश्लीलतेचा कायदा नीतिमत्तेसाठी नाही, तर स्त्रियांना होणारी इजा रोखण्यासाठी वैध आहे. अनेक स्त्रीवाद्यांनी स्वागत केलं. काही महिन्यांतच टोरोंटोच्या पोलिसांनी 'ग्लॅड डे' या समलिंगी पुस्तकांच्या दुकानावर धाड घातली, तीही एका लेस्बियन मासिकासाठी.

याला मी योगायोग मानत नाही. तक्रार लिहून घेणारा, धाड घालणारा, निकाल देणारा, हे सगळे त्याच समाजातून येतात ज्यात दडपशाही मुरलेली आहे. कायद्याचा मसुदा कितीही सद्हेतूने लिहिला तरी तो पोचतो यांच्याच हातात.

म्हणून माझं मत असं: फौजदारी कायदा थेट धमकी, तात्काळ हिंसेची चिथावणी आणि एखाद्याचा पिच्छा पुरवून छळणं एवढ्यापुरता ठेवावा. बाकी दडपशाहीशी लढायचं ते नोकरी, घर, शिक्षण यांतल्या भेदभावाविरुद्धच्या कायद्यांनी, आणि उलट बोलून. पटतं का?

जुने खोड

वाचतोय. धाग्याला दोनशे प्रतिसाद पडणार आणि कुणाचंही मत तसूभरही बदलणार नाही, हे भाकीत नोंदवून ठेवतो. हलके घ्या.

रेवती_

आडवाट, उदाहरणं चांगली आहेत पण निवड सोयीची आहे. कायदा दुबळ्यांवर उलटल्याच्या गोष्टी तुम्ही सांगितल्यात. कायदा नसताना किंवा राबवला न जाता काय होतं तेही सांगा ना.

रवांडात १९९३ च्या जुलैमध्ये आरटीएलएम हे रेडिओ केंद्र सुरू झालं. गाणी, विनोद, गप्पा, आणि त्यातच तुत्सी (तिथला अल्पसंख्य समाज) म्हणजे झुरळं हा घोष. १९९४ च्या एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाल्यावर त्याच आवाजात लोकांची नावं आणि ठिकाणं वाचून दाखवली गेली. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये त्या केंद्राच्या कर्त्याधर्त्यांना दोषी ठरवलं. नऊ वर्षांनी! तुमच्या 'तात्काळ चिथावणी'च्या कसोटीवर आधीच्या नऊ महिन्यांतलं किती बसलं असतं? झुरळ म्हणणं ही तात्काळ चिथावणी नाही. पण झुरळ म्हणून झाल्याशिवाय पुढची यादी वाचता येत नाही.

दुसरं, 'उलट बोलून लढा'. हा सल्ला देणाऱ्याला एक गोष्ट दिसत नाही: उलट बोलायचा खर्च सगळ्यांना सारखा नसतो. एखादी बाई चार ओळी लिहिते आणि त्याखाली बलात्काराच्या धमक्या, तिच्या घरच्यांचे फोटो, रोज, महिनोन्महिने. मग एक दिवस ती लिहिणं सोडते. कागदोपत्री कोणाच्याही स्वातंत्र्याला धक्का लागलेला नाही. फक्त एक आवाज कमी झाला, आणि तो कोणाचा हे दर वेळी आधीच सांगता येतं.

तेव्हा प्रश्न 'अभिव्यक्ती विरुद्ध दडपशाही' असा मांडूच नका. दोन्ही पारड्यांत अभिव्यक्तीच आहे.

तळटीप

रेवती +१. शेवटचं वाक्य विशेष.

अनाहूत

मी या धाग्यावरचा खलनायक होतो, कुणीतरी व्हायला हवं.

आधी इतिहास. गुलामगिरीच्या काळात अमेरिकेत मुस्कटदाबी कोणाची झाली? १८३५ मध्ये चार्ल्सटनच्या जमावाने गुलामगिरीविरोधी टपाल जाळलं आणि टपालखात्याच्या प्रमुखाने दक्षिणेतल्या पोस्टमास्तरांना असं टपाल अडवू दिलं. १८३६ ते १८४४ प्रतिनिधिगृहात नियमच होता की गुलामगिरीविरुद्धचे अर्ज चर्चेला घ्यायचे नाहीत. कारण काय दिलं जायचं? शांतता बिघडेल, लोक भडकतील, दुखावतील. आज जी कारणं पुरोगामी देतात तीच, शब्दशः. बोलण्याच्या मुक्ततेची गरज ज्यांच्या हातात दुसरं काहीच नसतं त्यांना सर्वाधिक. सत्ताधाऱ्याला भाषणस्वातंत्र्य लागत नाही, त्याच्याकडे फौज असते.

दुसरं, 'इजा' ही कल्पना रबरासारखी ताणली जातेय. आधी मारहाण, मग धमकी, मग अपमान, मग 'मला असुरक्षित वाटलं'. दुखावलेल्या भावनेला व्हेटो दिला की सगळ्यात लवकर दुखावणारा जिंकतो, आणि तो शक्यतो दुबळा नसतो. त्याच्या पाठीशी संघटना असते, झेंडे असतात, ट्रकभर माणसं असतात.

वकीलबुवा

दोन-तीन गोष्टी कायद्याच्या अंगाने, कारण इथे कसोट्यांची सरमिसळ होतेय.

'तात्काळ चिथावणी'ची अमेरिकन कसोटी १९६९ च्या ब्रँडनबर्ग खटल्यातून आली. आरोपी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचा पुढारी होता आणि तो सुटला, म्हणून पुष्कळांना तो निकाल खुपतो. पण पुढे बघा. मिसिसिपीतल्या काळ्या नागरिकांनी १९६६ मध्ये गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला. बहिष्कार मोडणाऱ्यांच्या माना मोडू, असं त्यांचा नेता चार्ल्स एव्हर्स भाषणात बोलून गेला. दुकानदारांनी लाखो डॉलर्सचा दावा लावला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते भाषण संरक्षित ठरवलं, आणि आधार घेतला तो त्याच ब्रँडनबर्गचा. क्लॅनवाल्यामुळे घडलेल्या ढालीने समान हक्कांची चळवळ वाचली. ढाल कोणासाठी घडली यावरून ती पुढे कोण वापरेल ते कळत नाही.

रेवतीताईंच्या रवांडाच्या मुद्द्याला मात्र ही कसोटी खरंच अपुरी पडते. त्यासाठी २०१२ चा रबात कृती आराखडा बघा, संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेला. त्यात सहा गोष्टी एकत्र तपासायला सांगितल्यात: संदर्भ, बोलणाऱ्याचं स्थान, हेतू, मजकूर आणि त्याचं स्वरूप, आवाका, आणि इजा घडण्याची शक्यता. मला यात 'बोलणाऱ्याचं स्थान' सगळ्यात मोलाचं वाटतं. रेडिओ केंद्र हातात असलेला आणि चौकात एकटाच ओरडणारा, दोघांचं वाक्य एकच असलं तरी ते एका मापाने मोजायचं नाही.

आपल्याकडे २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ कलम (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षेचं) रद्द करताना चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या केल्या. पहिल्या दोन कितीही अप्रिय असोत, त्यांना हात लावायचा नाही. तिसरीपासून राज्य येऊ शकतं. कागदावर उत्तम आहे.

सावळागोंधळ

हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ आहे. आधी अमुक पक्षाने तमुक साली काय केलं ते

(प्रतिसादाचा उर्वरित भाग संपादित. कृपया पक्षीय राजकारणासाठी वेगळा धागा काढावा. – संपादक)

सावळागोंधळ

अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या धाग्यावर माझा प्रतिसाद कापला. वा!

जुने खोड

@सावळागोंधळ, धाग्याला प्रात्यक्षिक पुरवल्याबद्दल आभार.

बाय द वे, तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचं अजून कोणी कसं काढलं नाही? असहिष्णूंना सहन केलंत तर सहिष्णुताच संपेल, असं सांगणारं ते व्यंगचित्र सगळीकडे फिरत असतं. १९४५ च्या पुस्तकातली ती एक टीप आहे, मजकूरही नाही. आणि त्याच टिपेत लगेच म्हटलंय की जोवर युक्तिवादाने त्यांना उत्तर देता येतंय आणि लोकमत त्यांना आवरतंय, तोवर त्यांच्यावर बंदी घालणं शहाणपणाचं नाही. वादाला मुठीने आणि पिस्तुलाने उत्तर द्यायला शिकवणाऱ्यांसाठी त्याने बळाचा हक्क राखून ठेवला होता. व्यंगचित्रात तेवढी जागा नसते बहुधा.

रेवती_

अनाहूत, तुमचा अमेरिकेचा इतिहास बरोबर आहे, अर्थ अर्धाच लावलाय. १८६० च्या डिसेंबरमध्ये बोस्टनमध्ये फ्रेडरिक डग्लस (स्वतः गुलामगिरीतून निसटलेला काळा नेता) आणि त्याच्या सहकाऱ्यांची गुलामगिरीविरोधी सभा उधळली गेली. कोणत्या कायद्याने? कुठल्याच नाही, जमावाने. चार्ल्सटनचं टपालही आधी जमावानेच जाळलं. आडवाट यांच्या मिलचा 'समाजाचा जुलूम' तो हाच. सरकारने हात मागे घेतला की मैदान मोकळं होत नाही, ते आधीपासून ज्याच्या ताब्यात होतं त्याच्याच ताब्यात राहतं.

आणि कायदा उलटतो म्हणून कायदाच नको, हा निष्कर्ष घाईचा आहे. उलटणार नाही असा लिहिता येतो. आपला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा घ्या. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा लोकांदेखत, हेतुपुरस्सर पाणउतारा करणं हा गुन्हा, आणि तो करणारा त्या समूहांबाहेरचा असेल तरच. ब्रिटनचा १९६५ चा कायदा सगळ्यांना समान लागू होता, म्हणून तो काळ्या माणसावर चालवता आला. हा तसा चालवताच येत नाही. विषमता खरी असेल तर कायद्याने तिच्याकडे डोळेझाक का करायची?

अनाहूत

मग कायद्यापुढे समानता वगैरे गुंडाळून ठेवायची का?

वकीलबुवा

नाही. समानांना समान, हे तत्त्व असमान परिस्थितीची दखल घ्यायला आड येत नाही. घटनेनेच तशी जागा ठेवलीय. शिवाय ती तरतूद अरुंद आहे: हेतू हवा, लोकांच्या नजरेसमोर घडायला हवं. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना घडलं तर ती लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय. एखाद्या धोरणावर, अगदी आरक्षणावर, टीका केली म्हणून ती लागत नाही. रेवतीताईंचा मुद्दा मी उचलून धरतो, फक्त एक पुस्ती जोडून: तो कायदा उलटवता येत नाही म्हणून लोक दुसरी कलमं शोधतात. तक्रार करणाऱ्यावर दुसऱ्या दिवशी मारहाणीची किंवा चोरीची उलट फिर्याद येते. वर्षानुवर्षं कोर्टात पाहिलेलं सांगतोय.

आरक्षणाचा विषय निघालाच आहे तर १९८९ चाच रंगराजन निकाल वाचा. जातीवर आधारित आरक्षणावर टीका करणारा तमिळ चित्रपट होता, विरोधकांनी निदर्शनांची धमकी दिली होती. न्यायालय म्हणालं, धमकी आली म्हणून अभिव्यक्ती दाबता येणार नाही, बोलणाऱ्याला संरक्षण देणं हे राज्याचं काम. बंदी घालायची तर मजकुराचा आणि धोक्याचा संबंध दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतका थेट हवा. म्हणजे एकाच वर्षात, एकाच देशात, पाणउतारा हा गुन्हा झाला आणि धोरणावरची टीका सुरक्षित राहिली. मला या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटत नाहीत.

पिवळा_कंदील

कायदा कायदा चाललंय. आज कोण काय ऐकतं हे ठरवतात कंपन्या, आणि त्या बद्दल इथे एक अक्षर नाही.

माझं काम याच क्षेत्राच्या आसपासचं आहे, म्हणून सांगतो. आक्षेपार्ह मजकूर गाळणं हा प्रकार प्रचंड आंधळा असतो. २०१७ मध्ये यूट्यूबने दहशतवादी मजकूर काढायला यंत्रं लावली, तेव्हा सीरियातल्या युद्धगुन्ह्यांचे पुरावे म्हणून लोकांनी जिवावर उदार होऊन टाकलेले व्हिडिओ हजारोंनी उडाले. यंत्राला बाँब टाकणारा आणि बाँब टाकल्याचं दाखवणारा यांतला फरक कळेना. उलट म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्धचं विष फेसबुकवर वर्षानुवर्षं वाहत राहिलं आणि २०१८ मध्ये कंपनीने कबूल केलं की आपण पुरेसं काही केलं नाही. तिथली भाषा समजणारी पुरेशी माणसंच नेमली नव्हती.

माझा मुद्दा वेगळा आहे. मजकूर ठेवायचा की काढायचा या भांडणात तिसरी गोष्ट हरवते: त्याला पुढे कोण ढकलतं? कोणी द्वेषाचं काही लिहिलं आणि ते त्याच्या चाळीस ओळखीच्यांनी वाचलं, हे त्याचं स्वातंत्र्य. तेच यंत्राने चाळीस लाखांच्या पुढ्यात टाकलं, ते कंपनीचं धंद्याचं गणित. दुसरी गोष्ट रोखली तर पहिल्याच्या हक्काला काय धक्का लागतो? बोलायचा हक्क आहे, भोंगा फुकट मिळायचा नाही.

तळटीप

रोचक. पण 'काय पुढे ढकलू नये' हे ठरवणारा पुन्हा कोणीतरी असणारच की. दडपशाहीविरुद्धचा संतप्त मजकूर पण यंत्राला 'भडक'च वाटतो.

पिवळा_कंदील

बरोबर. म्हणून मत बघून नव्हे, वेग बघून ब्रेक लावायचा. अमुक वेळा पुढे पाठवलेला मजकूर आणखी पाठवता येणार नाही, असा आंधळा नियम. त्यात अन्याय होतो, पण सगळ्यांवर सारखा.

रेवती_

'सगळ्यांवर सारखा' ऐकलं की मी सावध होते. ज्याच्याकडे स्वतःची वाहिनी आहे त्याला पुढे पाठवायची गरजच नाही; ज्याच्याकडे नाही त्याचं सगळं त्यावरच चालतं.

अनाहूत

बंदीवाल्यांसाठी एक प्रश्न शिल्लक आहे. जर्मनीत हिटलरला १९२५ पासून बव्हेरियात आणि मग इतर अनेक राज्यांत जाहीर भाषणबंदी होती. त्याच्या पक्षाने त्याचंच भांडवल केलं: तोंडाला पट्टी बांधलेल्या हिटलरचं पोस्टर, आणि खाली मजकूर की जगातल्या दोनशे कोटींत याच एकाला बोलायला मनाई आहे. बंदीने तो संपला नाही, पुढे आणखी मोठाच झाला. मग?

रेवती_

मग हे: १९२४ मध्ये सत्ता उलथवायच्या प्रयत्नाबद्दल त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो बाहेर होता. तुरुंगात त्याची बडदास्त ठेवली होती. सशस्त्र उठावाला न्यायाधीशांनी हसून सोडायचं आणि भाषणाला बंदी घालायची, असा तो सौदा होता. बोलण्याची बंदी फसली म्हणून नाही, कृतीला शिक्षा झाली नाही म्हणून तो मोठा झाला.

आडवाट

हे माझ्या बाजूचं झालं, रेवती. कायदे होते, राबवणाऱ्यांची सहानुभूती दुसरीकडे होती.

आता राज्य आणि जमाव सोडून तिसऱ्याकडे येतो, म्हणजे संस्था. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. भाषण आधी वाचल्यावर मंडळ हादरलं, काही भाग गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, परिषदच रद्द झाली, आणि ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापलं. सरकारने बंदी घातली नव्हती. जमाव आला नव्हता. जात मोडायला निघालेल्या सुधारकांनीच जात मोडण्यावरचं सगळ्यात धारदार भाषण नाकारलं. मंडळाला तसा हक्क होता का? होता. व्यासपीठ त्यांचं. पण 'आमचे श्रोते दुखावतील' हे कारण सद्हेतू असलेल्यांच्या तोंडीही कसं बसतं ते यात दिसतं. आज विद्यापीठं पाहुण्यांची निमंत्रणं मागे घेतात तेव्हा मी आधी हेच विचारतो: दुखावणार कोण आहे, वरचा की खालचा?

कायद्याबद्दल मी जिथे होतो तिथेच आहे, १९८९ च्या कायद्यासारखा अरुंद, एकाच दिशेने चालणारा अपवाद धरून.

वकीलबुवा

तुमच्या यादीतल्या 'छळणं' या गोष्टीसाठी अटकेऐवजी दिवाणी मार्ग का नको? अटकेची धास्ती गेली की गैरवापराची निम्मी हौस जाते. नुकसानभरपाई, मजकूर हटवण्याचा आदेश, ओळख लपवून दावा करण्याची सोय.

आडवाट

दिवाणी मार्गही उलटतो. १९६० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या समर्थनार्थ एक जाहिरात आली, तीत बारीकसारीक चुका होत्या. माँटगोमेरीच्या नगर आयुक्ताने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि अलाबामातल्या ज्युरीने ५ लाख डॉलर्स दिले. दक्षिणेत असे दावे लावून वार्ताहरांना पळवून लावायचा तो डाव होता. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला नसता तर चळवळीच्या बातम्या छापायला कोण धजावलं असतं?

वकीलबुवा

म्हणून दावा करण्याचा हक्क सरकारी अधिकारी, कंपन्या आणि संघटना यांना द्यायचाच नाही. फक्त व्यक्तीला, आणि तीही स्वतः लक्ष्य झालेली असेल तर. भरपाईला कमाल मर्यादा. एका पोस्टवर नाही, वारंवार छळ झाला तरच.

रेवती_

आणि वकिलाची फी राज्याने भरायची, हे राहिलं. त्याशिवाय जिने लिहिणं सोडलं ती कोर्टाची पायरी कशी चढणार? ते धरून मसुदा करा, मी वाचून प्रतिसाद देते.